पुलाखालच्या शेजाऱ्याला ब्लँकेट देण्याआधी

एका छोट्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाच्या चिटणीसानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "नाताळच्या आधी आम्हाला रस्त्यावर झोपणाऱ्यांना ब्लँकेटं आणि जेवण द्यायचं आहे. पण इंदुरात भीक देणाऱ्यावरच गुन्हा दाखल होतो म्हणतात. धर्मांतराच्या कायद्यात वस्तू देणं हे प्रलोभन ठरतं, असंही एकानं सांगितलं. एक स्थानिक पुढारी दोनशे ब्लँकेटं द्यायला तयार आहेत, फक्त वाटपाला ते स्वतः येणार. आणि मंडळीतले वडील (कारभार बघणारे ज्येष्ठ) म्हणतात, चर्चनं राजकारणात पडू नये. पाळकसाहेब, आम्ही काय करावं?"

मी इंदुरात सत्तावीस वर्षं पाळक आहे. माझे आजोबा नगरहून इथल्या मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, गल्लीत हिंदी, उपासना दोन्हींत, असं आमचं चालतं. रस्त्यावर झोपणाऱ्यांमध्ये मी एकोणीस हिवाळे जातो आहे. तुम्ही चार प्रश्न विचारलेत, पण माझ्या लेखी ते चारही एकाच ठिकाणी येऊन मिळतात: आपण देतो तेव्हा बदल्यात काय मागतो? कुणी मत मागतो, कुणी फोटो मागतो, कुणी आभार, आणि आपल्यातले काही जण प्रार्थना मागतात. काहीच मागायचं नाही, एवढं आधी मनाशी पक्कं करा. मग पोलीस, पुढारी आणि तुमचे वडील, या सगळ्यांशी कसं बोलायचं ते आपोआप सुचत जाईल.

आधी गुन्ह्याचं. डिसेंबर २०२४ मध्ये जिल्हा प्रशासनानं जाहीर केलं आणि १ जानेवारी २०२५ पासून इंदुरात भीक मागणाऱ्याबरोबर देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचा आदेश लागू झाला. त्यानंतर लवकरच देवळाबाहेर दहा रुपये दिल्याबद्दल एका वाहनचालकावर गुन्हा दाखल झाला, ती बातमी तुम्हीही वाचली असेल. हा आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालचा होता, जुन्या माणसांच्या भाषेत १४४. अशा आदेशाची मुदत मुळात दोन महिन्यांची असते, राज्य सरकार ती वाढवू शकतं आणि नवा आदेशही निघू शकतो. म्हणून ऐकीव गोष्टींवर घाबरूही नका आणि निर्धास्तही राहू नका. कलेक्टर कचेरीत जा, आज लागू असलेल्या आदेशाची प्रत मागा, सगळे मिळून ती वाचा. मग महापालिकेला एक पत्र द्या: कोण, कुठे, कोणत्या रात्री, काय देणार. त्याची पोच घ्या आणि पोचेची प्रत ठाण्यात देऊन या. मी दर वर्षी हेच करतो. चौकात गाडीच्या काचेतून नाणं देणं वेगळं, आणि रैनबसेऱ्याच्या, म्हणजे बेघरांच्या रात्रनिवाऱ्याच्या दारात किंवा पुलाखाली झोपलेल्या माणसाला पांघरूण देणं वेगळं. हा फरक पोलिसाला समजावून सांगता येतो, पण रात्री अकरा वाजता तोंडी सांगण्यापेक्षा कागद दाखवलेला बरा.

त्या आदेशाबद्दल माझं मत विचाराल तर, सिग्नलवरच्या मुलाच्या हातात रोख पैसे मीही देत नाही. ते पैसे त्याच्याकडे उरत नाहीत, हे मी पाहिलं आहे. केंद्राच्या 'स्माइल' योजनेत भीक मागणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी जी दहा शहरं आधी निवडली त्यात इंदूर आहे, आणि तिथं काम करणारी काही माणसं फार तळमळीची आहेत. पण मागणाऱ्याला गुन्हेगार ठरवणं मला पटत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१८ मध्ये भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. आपल्या राज्यात १९७३ चा भिक्षावृत्ती निवारण कायदा आहे, त्याला तो निकाल लागू होत नाही. त्यामुळे मी कायदा पाळतो, आणि तो बदलावा असं जिथं सांगता येईल तिथं सांगतो. या दोन्ही गोष्टी एकाच माणसानं करण्यात काही विसंगती नाही.

जानेवारी २०२१ विसरू नका. ऐन थंडीत महापालिकेच्या गाडीत रस्त्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या बोचक्यांसकट घातलं आणि देवास रस्त्यावर क्षिप्रेजवळ नेऊन उतरवलं. गावकऱ्यांनी हटकलं, मोबाइलवर चित्रण केलं, तेव्हा त्यांना पुन्हा गाडीत घालून परत आणलं. मुख्यमंत्र्यांनी अधिकाऱ्याला निलंबित केलं, जिल्हाधिकाऱ्यांनी खजराण्याच्या गणपतीपुढे जाऊन माफी मागितली. एका अधिकाऱ्यानं देवापुढे उभं राहून चूक झाली म्हणणं, ही लहान गोष्ट नाही. तरी त्या दिवसापासून माझ्या मनात राहिले आहेत ते गावकरी. त्यांच्याकडे संस्था नव्हती, पावतीपुस्तक नव्हतं, वाटायला काही नव्हतं. या माणसांना इथं का उतरवता, एवढं विचारून ते गाडीसमोरून हलले नाहीत. त्या रविवारच्या उपदेशात मी त्यांच्याबद्दलच बोललो. २०१७ पासून आपलं शहर सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिलं आलं आणि मला त्याचा अभिमान आहे. सकाळी गाडीचं गाणं वाजलं की मीही ओला-सुका कचरा वेगळा घेऊन दारात उभा असतो. पण माणूस त्या हिशेबात धरायचा नसतो, हे सांगायचं काम कुणीतरी करायला हवं आणि ते चर्चनंही करायला हवं.

आता धर्मांतराचं. इथं मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण आपण ख्रिस्ती लोक या विषयावर एकतर गप्प बसतो किंवा चिडतो.

मध्य प्रदेशात १९५६ साली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा अहवाल आला, १९६८ मध्ये पहिला कायदा झाला. याच राज्याच्या खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. २०२१ च्या नव्या कायद्यात प्रलोभनाची व्याख्या बरीच रुंद आहे: भेटवस्तू, रोख किंवा वस्तूरूप लाभ, नोकरी, धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेत शिक्षण, चांगलं राहणीमान, दैवी प्रसन्नतेचं आश्वासनसुद्धा. शिक्षा एक ते पाच वर्षं, आणि बाई, अल्पवयीन, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल तर दोन ते दहा. म्हणजे तुमच्या हातातलं ब्लँकेट कायद्याच्या नजरेत केवळ ब्लँकेट राहील की आणखी काही होईल, हे तुमच्या दुसऱ्या हातात काय आहे त्यावर ठरतं. दुसऱ्या हातात धर्मप्रचाराची पत्रिका असेल, तर मी तुमच्या बाजूनं बोलायला उभा राहणार नाही.

हे मी कायद्याच्या भीतीनं म्हणत नाही. हा वाद आपल्या मराठी माणसांत फार जुना आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं, आणि १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कारण आश्रयाला आलेल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जातात असा आक्षेप होता. रमाबाईंबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या तेव्हाच्या मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी मुलींना आपल्याकडे घेऊन गेल्या. पण आक्षेप घेणारी माणसं रानडे-भांडारकरांसारखी होती. त्यांचा प्रश्न द्वेषाचा होता, असं म्हणून मला तो झटकता येत नाही. ज्याला आज रात्री जायला दुसरं दार नाही, त्याचा होकार कितपत खरा मानायचा?

माझ्याच घरात हा प्रश्न आहे. माझे पणजोबा छप्पनच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर ख्रिस्ती झाले. भाकरीसाठी झाले की विश्वासानं, हे सांगणारं आज कुणी नाही. मी लहान असताना आजोबांना एकदा विचारलं होतं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "भाकरी देणारा भला माणूस होता, एवढं बाबा सांगायचे." त्या उत्तरावर मी आयुष्यभर विचार करत आलो आहे.

म्हणून माझा नियम असा. ज्या रात्री वाटप, त्या रात्री उपदेश नाही, गीत नाही, पत्रिका नाही, गळ्यातला क्रूस शर्टाच्या आत. कुणी आपणहून म्हणालं, "पास्टरजी, मेरे लिए दुआ करो," तर हातातलं सामान बाजूला ठेवतो, त्याच्या शेजारी बसतो आणि तो ज्या देवाचं नाव घेतो ते त्याला घेऊ देतो. माझी प्रार्थना मी माझ्या मनात करतो. आणि कुणी म्हणालं की मला ख्रिस्ती व्हायचंय, तर मी सांगतो: आधी डोक्यावर छप्पर येऊ दे. माझ्या जेवणाची तुला गरज उरली नाही की मग ये, तेव्हा बोलू. कायद्यात साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचं कलम आहे, त्यावर उच्च न्यायालयात वाद झाला आहे, ते वकिलाकडून समजून घ्या. पण माझी मुदत कायद्यापेक्षा मोठी आहे. एकोणीस वर्षांत असे तिघं जण खोली मिळाल्यावर परत आले. बाकीचे आले नाहीत, आणि त्यांच्यातले दोन-चार आजही रस्त्यात दिसले की हात करतात.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायातला न्यायाचा प्रसंग आपण इतक्यांदा वाचतो की त्यातली एक गोष्ट निसटते. ज्यांनी भुकेल्याला जेवू घातलं, परक्याला घरात घेतलं, त्यांना आपण कुणासाठी केलं याचा पत्ताच नव्हता. त्यांनी ते कसलाही हेतू धरून केलं नव्हतं. हेतू असता तर ते राजाला ओळखूनच आले असते.

पुढाऱ्यांच्या दोनशे ब्लँकेटांना नाही म्हणा. हे मी चूक करून शिकलो आहे. एका निवडणुकीच्या वर्षी माझ्याकडे असाच निरोप आला होता, कोणाकडून ते सांगत नाही. आमच्याकडे पैसे कमी होते, थंडी जास्त होती, आणि मी हो म्हणालो. रात्री दहाला यायचे ते पावणेबाराला आले. तोवर झोपलेल्या माणसांना उठवून आम्ही ओळीत बसवून ठेवलं होतं. हे आम्ही केलं, त्यांनी नाही. मागे फलक लावला, दिव्याचा झोत आला. ओळीत एक बाई होती, चाळिशीची असेल. तिनं ब्लँकेट घ्यायला एक हात पुढे केला आणि दुसऱ्या हातानं पदर तोंडावर ओढला. फोटोवाल्यानं तिला चेहरा दाखवायला सांगितलं. तिनं ब्लँकेट खाली ठेवलं आणि उठून गेली. मला नंतर कळलं की तिचं सासर याच शहरात आहे आणि ती कुठे झोपते हे तिला तिथं कळू द्यायचं नव्हतं. त्या हिवाळ्यात ती मला पुन्हा दिसली नाही. मी तिला शोधत सरवटे बस स्टँडपर्यंत रात्री-बेरात्री फिरलो. तेव्हापासून आमच्या वाटपात कॅमेरा नाही. मंडळीच्या वार्षिक अहवालातसुद्धा फोटो नाही.

नाही म्हणताना भांडू मात्र नका. त्यांना सांगा, साहेब, ब्लँकेटांचं आम्ही बघतो, तुम्ही महापालिकेत आमच्यासाठी एक काम करा. आणि इथं मी तुमच्या वडिलांच्या मुद्द्याकडे येतो.

चर्चनं राजकारणात पडू नये, या वाक्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. पुलपिटावरून कुणाला मत द्या हे मी कधी सांगितलं नाही, सांगणार नाही. मंडळीच्या आवारात कुठल्याही पक्षाची सभा होऊ दिली नाही, त्यात आपल्याला धार्जिणे वाटणारे पक्षही आले. पण महापालिकेकडे रैनबसेरा मागणं हे त्या अर्थानं राजकारण नाही, तो नागरिकाचा हिशेब आहे. शहरी बेघरांच्या निवाऱ्याची राष्ट्रीय योजना २०१३ मध्ये आली आणि तिनं घालून दिलेलं माप साधं आहे: दर एक लाख वस्तीमागे निदान शंभर माणसांसाठी कायमचा निवारा, बारा महिने, चोवीस तास उघडा. २०११ च्या जनगणनेत इंदूर वीस लाखांच्या घरात होतं. म्हणजे त्या वेळच्याच वस्तीला निदान वीस निवारे लागतात, आणि शहर त्यानंतर किती वाढलं ते तुम्ही सुपर कॉरिडॉरकडे बघून सांगा. हा गुणाकार एका कागदावर लिहून नगरसेवकाकडे न्या. आपल्या भागातला निवारा कुठे आहे, त्यात बायकांसाठी वेगळी खोली आणि संडास आहे का, दाराला कुलूप किती वाजता लागतं, हे स्वतः रात्री जाऊन बघून मग बोला. तुमचे वडील अहिल्याबाईंचं नाव नक्कीच आदरानं घेत असतील. बाईंनी काशी-गयेपासून रामेश्वरापर्यंत धर्मशाळा आणि अन्नछत्रं उभी केली ती खासगीच्या पैशातून, दौलतीच्या खजिन्याला हात न लावता. वाटसरूला टेकायला जागा हवी, हे या गावाला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. आणि आपल्या प्रभूचा जन्म उतारशाळेत जागा नव्हती म्हणून गोठ्यात झाला, ही गोष्ट आपण दर डिसेंबरात मुलांकडून नाटुकलीत करून घेतो. उतारशाळेत जागा का नाही, हे विचारणं चर्चच्या कामात बसत नाही असं कसं म्हणायचं?

मतदार यादीचं काम तर मी सगळ्यांना करायला सांगतो. बेघर माणसाचं नाव यादीत येऊ शकतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही, हे पुष्कळांना ठाऊकच नाही. नमुना ६ मध्ये, म्हणजे नाव नोंदवायच्या अर्जात, जिथं झोपतो ती जागा लिहायची. बीएलओनं, म्हणजे त्या भागाची मतदार यादी बघणाऱ्या अधिकाऱ्यानं, रात्री त्या जागी येऊन, एकाहून अधिक रात्री येऊन, माणूस खरोखर तिथं झोपतो का ते बघायचं, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. आमच्याकडे एका आजींचा अर्ज भरला होता. बीएलओ म्हणजे जवळच्या शाळेतल्या शिक्षिका. त्या रात्री अकराला नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून आल्या, आजींना बघून गेल्या, तीन दिवसांनी पुन्हा आल्या. कार्ड आलं. आजींनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला सुतळी बांधून गळ्यात अडकवलं. त्यांना वाचता येत नव्हतं. पत्ता कुठे लिहिलाय ते त्यांनी मला बोट ठेवून दाखवायला सांगितलं, आणि मग जो भेटेल त्याला त्याच जागी बोट ठेवून दाखवत राहिल्या. त्यांनी मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही.

कागद हीच बेघर माणसाची सगळ्यात मोठी नड आहे. बोचकं चोरीला जातं, पावसात भिजतं, सकाळच्या सफाईत उचललं जातं, आणि त्याबरोबर आधार जातं. आधार नाही म्हणून बँकेत खातं नाही. खातं नाही म्हणून क्षयाचं औषध फुकट मिळालं तरी क्षयरोग्यांच्या आहारासाठीच्या निक्षय पोषण योजनेचे महिना हजार रुपये मिळत नाहीत. (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते पाचशे होते.) मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या अधीक्षकाच्या दाखल्यावर आधारची नोंदणी होते, म्हणून निवाऱ्याशी ओळख ठेवा. आमच्याकडे एक साधी वही आहे: माणूस सांगेल ते नाव, झोपण्याची जागा, कोणता कागद आहे, कोणता नाही, मागच्या वेळी काय मागितलं होतं. धर्माचा रकाना त्यात नाही आणि कुणी मागितला तरी तो घालायचा नाही. एकदा तक्रार झाली म्हणून ठाण्यातून दोघं आले होते. मी वही पुढे ठेवली. त्यांनी ती शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि त्यातला एक जण जाताना म्हणाला, आमच्या हद्दीतल्या एका म्हाताऱ्याचंही नाव यात घ्या.

मनानं आजारी असलेल्या माणसाशी सामना झाला तर स्वतः हाताळायला जाऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० प्रमाणे अशा माणसाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत पोचवणं हे ठाणेदाराचं कर्तव्य आहे. कलमाचा आकडा पाठ करून ठेवा, तो सांगितला की फरक पडतो. आपल्याकडे बाणगंगेचं मानसिक रुग्णालय आहे. झोपलेल्या बाईजवळ नुसत्या पुरुषांनी जायचं नाही, सोबत मंडळीतली एखादी बहीण हवीच. हे सांगायला लागू नये, पण सांगतो.

आता ब्लँकेट. थंडी वरून येते असं आपल्याला घरात वाटतं. पुलाखाली ती खालून येते. सिमेंटचा कट्टा रात्री दोननंतर असा गारठतो की वर दोन ब्लँकेटं असली तरी पाठ आखडते. म्हणून आम्ही आधी अंथरायचं देतो. सियागंजातले व्यापारी साबणाच्या, बिस्किटांच्या पेट्यांचे पुठ्ठे सांगून ठेवलं तर बाजूला काढून ठेवतात. दोन थर पुठ्ठा, त्यावर प्लास्टिक, मग चटई. पायात लोकरी मोजे, डोक्याला टोपी. तुमच्या मंडळीतल्या बायका गोधड्या शिवून देतो म्हणतील, आमच्याही म्हणाल्या होत्या, आणि काय सुंदर गोधड्या होत्या त्या. पण मावठा पडला की भिजलेली गोधडी रस्त्यावर आठवडाभर वाळत नाही आणि तिचं ओझं घेऊन माणसाला फिरता येत नाही. गोधड्या निवाऱ्याला द्या. रस्त्यावर हलकं ब्लँकेट, गडद रंगाचं, घडी करून पिशवीत मावेल असं. सोबत कापडाची पिशवी द्या. ब्लँकेट दिल्यावर दुसऱ्या दिवशी ते अंगावर दिसलं नाही तर चिडू नका. विकलं असेल, चोरीला गेलं असेल, आजारी सोबत्याला दिलं असेल. एकदा दिलं की ते त्याचं झालं.

जेवणाबद्दल एवढंच की आधी वार बघा. मंगळवार-शनिवारी मारुतीच्या, गुरुवारी साईंच्या देवळाबाहेर इतकं मिळतं की उरतं, आणि सोमवार, बुधवारच्या रात्री कोरड्या जातात. दुपारी दीनदयाळ रसोईत पाच रुपयांत थाळी आहे, रात्रीचं काय ते बघा. पुरी-भाजी नको, अर्ध्या म्हाताऱ्यांना दात नसतात. मऊ खिचडी, वर चमचाभर तेल, लोणचं वेगळं.

आणि नाव विचारा. हे सगळ्यात शेवटी आलं, पण माझ्या मते सगळ्यात आधी करायचं आहे. इंदूरच्या कापड मिल एकेक करून बंद पडल्या तेव्हा हजारो माणसं रस्त्यावर आली. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली आणि कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी मिळायला २५ डिसेंबर २०२३ उजाडला. नाताळच्या सकाळी ती बातमी ऐकून आमच्या मंडळीतल्या एका जुन्या कामगाराच्या बायकोनं उपासनेतच रडायला सुरुवात केली, कारण नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. दुसऱ्या एका मिलमधला माणूस शास्त्री ब्रिजच्या बाजूला झोपायचा. खानदेशातून आलेल्या बापाचा मुलगा, मराठी बोलायचा. आम्ही सगळे त्याला काका म्हणायचो. चार हिवाळे मी त्याला मोजे दिले, खिचडी दिली, गप्पा मारल्या, आणि नाव कधी विचारलं नाही. एका सकाळी तो उठला नाही. पंचनाम्याला नाव विचारलं तेव्हा मी, त्याचा पाळक म्हणवणारा, काही सांगू शकलो नाही.

त्याच्या पिशवीत मिलचा पितळी बिल्ला निघाला, त्यावर नुसता आकडा. एक रिकामी तंबाखूची डबी. तुळशीची माळ, तुटलेली, गाठ मारून पुन्हा जोडलेली. ओळख पटवायला तीन दिवस ठेवलं, कुणी आलं नाही. मी लोकमान्य नगरातल्या एका वारकरी स्नेह्याला फोन केला. तो सकाळची शिकवणी सोडून आला, येताना टाळ घेऊन आला. पंचकुइया स्मशानात त्यानं रामकृष्णहरी म्हटलं, माळ गळ्यात घातली, अग्नी दिला. मी चार पावलं मागे उभा राहिलो. माझी प्रार्थना मी घरी येऊन केली. लाकडाचा खर्च मंडळीच्या दानार्पणातून झाला. एका वडिलांनी सभेत विचारलं की आपल्या मंडळीचा नसलेल्या माणसावर, तेही अशा विधीवर, देवाचा पैसा का घातला. मी त्यांना पितळी बिल्ला दाखवला. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यावरचा आकडा घेऊन मी अजून जुन्या कामगारांकडे जातो, कुणाला नाव आठवतं का बघायला.

वहीतला नावाचा रकाना त्यानंतर पहिला झाला.

तेव्हा वाटपाची तारीख आत्ताच ठरवू नका. तुमच्यातल्या दोघा-तिघांनी आधी तीन रात्री नुसतं माझ्याबरोबर यावं, हातात काही न घेता. येत्या शुक्रवारपासून मी आहे. रात्री साडेदहाला, शास्त्री ब्रिजच्या राजवाड्याकडच्या टोकाला. गाडी घरी ठेवा, पायी फिरायचं आहे. टॉर्च कुणाच्या तोंडावर मारायचा नाही, आणि खिशात एक पेन असू द्या.